शून्य बाइटचा घोळ

व्हॉट्सअ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीत २०१९मध्ये एक गंभीर त्रुटी उघडकीस आली. मुद्दाम बिघडवलेले एक 'जीआयएफ' चित्र फोनमध्ये पोहोचले आणि वापरकर्त्याने नुसती गॅलरी उघडली, तरी हल्लेखोराला फोनमध्ये शिरकाव करता येत होता. तिचे मूळ मात्र स्मृती वाटपाच्या नियमातील एका जुन्या संदिग्धतेत होते.

'सी' भाषेत प्रोग्रामला लागणारी जागा 'मॅलॉक' या फंक्शनकडे मागावी लागते. 'रिअ‍ॅलॉक' ती लहानमोठी करते, 'फ्री' मोकळी करते. आता हातातली जागा शून्य बाइटची करून मागितली तर?

भाड्याच्या गोदामाचे उदाहरण घेऊ. 'माझा गाळा शून्य चौरस फुटांचा करा' असा अर्ज भाडेकरूने दिला आणि मालकाने कोरा कागद परत पाठवला. अर्ज फेटाळला गेला की करारच संपला? रिअ‍ॅलॉकचा कोरा कागद म्हणजे 'नल'. जागा शिल्लक नसली की 'नल' मिळतो. त्या वेळी जुनी जागा शाबूत असते. काही प्रणालींवर मात्र शून्य मागितले तरी 'नल'च मिळतो, आणि तेव्हा जुनी जागा गेलेली असते!

व्हॉट्सअ‍ॅपने वापरलेल्या, चित्रे उलगडणाऱ्या मुक्त लायब्ररीत नेमके हेच झाले. रिअ‍ॅलॉकच्याच जातीच्या फंक्शनकडून 'नल' येताच 'स्मृती अपुरी आहे' असा अर्थ लावला गेला. प्रत्यक्षात जागा मोकळी झाली होती. ती पुन्हा मोकळी केली गेली आणि हल्लेखोराला वाट मिळाली. व्हॉट्सअ‍ॅपने २.१९.२४४ या आवृत्तीत ही त्रुटी दूर केली.

दोष केवळ प्रोग्रामरच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. १९८९च्या प्रमाणकात, शून्य मागितल्यास जागा मोकळी होते, असे स्पष्ट वाक्य होते. १९९९च्या आवृत्तीतून ते गळले. २०१८मध्ये हा निर्णय ज्या त्या प्रणालीवर सोपवण्यात आला, आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीने अशा मागणीचा परिणाम अव्याख्यात ठरवला. थोडक्यात, ती करूच नये. संदिग्धता सोडवण्याऐवजी तिला कुंपण घातले गेले, असेच म्हणावे लागेल. जुन्या वाक्याच्या भरवशावर लिहिलेले प्रोग्राम मात्र आजही चालू आहेत, आणि त्यातील शून्याची मागणी शोधून काढणे त्यांच्या देखभाल करणाऱ्यांच्याच वाट्याला आले आहे.