गॅस की डिझेल? आधी धूर कुठे जातो ते पाहा

मागच्या आठवड्यात आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी मुलाला घेऊन दवाखान्यात आले. रक्तदाब तपासला, गोळ्या लिहून दिल्या, तरी दोघेही उठेनात. मग मुलाने विषय काढला. त्याचे गॅरेज आहे. एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याने तिचे फिरते घर केले आहे. आत झोपायच्या दोन फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी. सप्टेंबरअखेर आईवडिलांना घेऊन लडाखला जायचे आणि रात्री गाडीतच मुक्काम करायचा, असा बेत आहे.

"डॉक्टर, थंडीसाठी गाडीत हीटर बसवायचाय. गॅसचा घेऊ की डिझेलचा? बाबांना कोणता सोसेल?"

वाचक म्हणतील, हा प्रश्न मेकॅनिकचा, यात डॉक्टरचे काय काम? पण त्याने विचारले याचा मला आनंद झाला. अशी फिरती घरे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आणि बंद जागेत ऊब करण्याच्या बाबतीत लोक माझ्याकडे सल्ल्याला येत नाहीत, उपचाराला येतात. कधी कधी त्यालाही उशीर झालेला असतो.

बाजेखालची शेगडी

प्रॅक्टिस सुरू करून मला दोन-तीन वर्षे झाली असतील. डिसेंबरातल्या एका पहाटे जवळच्या वाडीवरून बोलावणे आले. बाळंतिणीला उलट्या होत होत्या, डोके ठणकत होते. शेजारी निजलेली सासूही ग्लानीत होती. घरचे म्हणाले, रात्रीचे जेवण बाधले. मलाही तेच वाटले. उलटीचे इंजेक्शन भरून मी तपासायला वाकलो, तेव्हा बाजेखाली कोळशाची शेगडी दिसली. दार लावलेले होते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या.

दोघींना उचलून अंगणात आणले. जीपमधून तालुक्याच्या रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन लावला. दोघी वाचल्या. बाळ रात्री फार रडले म्हणून नणंद त्याला पलीकडच्या खोलीत घेऊन गेली होती, म्हणून तेही वाचले. त्या दिवसापासून थंडीत डोकेदुखी आणि उलटीचा रुग्ण आला, की मी आधी विचारतो, रात्री खोलीत काय पेटवले होते?

विष कसे काम करते

कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल, काहीही जळताना भरपूर हवा मिळाली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने घसाही खवखवत नाही. म्हणून झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवते. कार्बन मोनॉक्साइड त्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एसटीतल्या सगळ्या जागा आधीच कोणी अडवून ठेवाव्यात आणि खऱ्या प्रवाशाने थांब्यावरच राहावे, तसा हा प्रकार. मेंदू आणि हृदय या दोघांना ऑक्सिजनची गरज सर्वात जास्त, म्हणून पहिला फटका त्यांना बसतो. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिला तर हेच काम साधारण तास-दीड तासात होते.

2020 च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत झोपले होते. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅसचा हीटर चालू होता, दारे-खिडक्या आतून बंद होत्या. आठही जण दगावले.

मग गॅस वाईट आणि डिझेल चांगले का?

तसे नाही. खरा फरक इंधनात नसून हीटरच्या रचनेत आहे. एका प्रकारात ज्योत उघडी असते. ती आपल्याच खोलीतली हवा घेते आणि धूर आपल्याच खोलीत सोडते. सिलिंडरवर बसवायचा लाल जाळीचा हीटर या जातीचा. दुसऱ्या प्रकारात ज्योत बंद डब्यात असते. एक नळी बाहेरची हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर टाकते. माणसांकडे येते ती फक्त तापलेली कोरडी हवा. गाडीत झोपायचे असेल तर हा दुसरा प्रकारच हवा, मग इंधन कोणतेही असो. युरोपातल्या कॅरव्हॅनमध्ये गॅसचे हीटरही असे बंद ज्योतीचे असतात.

एवढे पक्के झाले की मगच गॅस आणि डिझेलची तुलना करावी.

गॅसचा हीटर आवाज कमी करतो, वीजही कमी खातो. परंतु सिलिंडर सोबत वागवावा लागतो आणि डोंगरात तो भरून मिळेलच असे नाही. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. त्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होणे थांबवतो. म्हणजे थंडी वाढली की ज्योत मंदावते, नेमकी गरज असते तेव्हाच. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक हवे.

डिझेलचा हीटर गाडीच्याच टाकीतले इंधन वापरतो. छोटा हीटर तासाला पाव लिटरहून अधिक डिझेल क्वचितच घेतो. पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की हीटर बंद. कडक थंडीत साधे डिझेल मेणासारखे गोठू लागते. म्हणूनच 2019 साली लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल आले. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो, काजळी धरते आणि विषारी वायूही वाढतो. उंचीप्रमाणे इंधन कमी करण्याची सोय हीटरमध्ये आहे की नाही, हे विकत घेतानाच विचारावे. आणखी एक गोष्ट. खडबडीत रस्त्यावर धुराची नळी सैल होते, चिखलाने किंवा बर्फाने बुजते. मग बंद ज्योतीचा हीटरही धूर आत सोडू शकतो.

डोंगरावरची फसगत

गुरुजींच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी याची वाटली. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे एका श्वासात आपल्याला इथल्या जवळजवळ दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. नव्याने गेलेल्याचे डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झोप लागत नाही. कार्बन मोनॉक्साइडची लक्षणेही हुबेहूब हीच! माणूस म्हणतो, उंचीचा त्रास आहे, पडून राहिले की बरे वाटेल. आणि त्याच गाडीत, त्याच हीटरजवळ जाऊन झोपतो.

ओळख एकच. गाडीतल्या सगळ्यांना एकदम त्रास सुरू झाला आणि बाहेर आल्यावर उतार पडला, तर संशय हीटरवर घ्यावा. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत. त्यावर इथे मुळीच विसंबू नका. ते ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखत नाही. रक्तात विष भरलेले असतानाही ते 98 दाखवू शकते.

लक्षात ठेवावे असे

1. उघड्या ज्योतीचा हीटर, शेगडी किंवा स्वयंपाकाचा गॅस उबेसाठी गाडीत लावू नये. इंजिन चालू ठेवूनही झोपू नये.

2. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावावा, बटण दाबून तो अधूनमधून तपासावा. गॅस असेल तर गॅसगळतीचा वेगळा अलार्म तळाशी लावावा.

3. हवा येण्याची झरोके कितीही थंडी असली तरी बुजवू नयेत.

4. दर मुक्कामी खाली वाकून धुराची नळी पाहावी. झोपण्याआधी गाडी उबदार करून हीटर बंद करावा आणि दोन रजया घ्याव्यात.

5. त्रास झाला तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावे, मग कारण शोधावे. लिंबू, कांदा, कॉफी यांत वेळ घालवू नये. रुग्णालयात ऑक्सिजन घ्यावा. बरे वाटले तरी पुढचे काही आठवडे विसराळूपणा किंवा वागण्यात बदल दिसतो का, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

गरोदर स्त्री, लहान मूल, हृदयरोगी आणि वृद्ध यांना हा वायू थोडाही झेपत नाही.

गुरुजींच्या मुलाला मी सांगितले, लडाखसाठी बंद ज्योतीचा डिझेलचा हीटर घे, पण तो जाणकाराकडून बसव आणि अलार्म आधी आण. गुरुजींना सांगितले, पहिले दोन दिवस लेहला विश्रांती घ्या, गोळ्या चुकवू नका.

जाताना गुरुजींनी हळूच विचारले, "आमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे. खिडकी नाही. त्याचे काय?"

मी म्हणालो, "गुरुजी, लडाखला जायला अजून वेळ आहे. तो गीझर आजच बाहेर काढा."