चेन यांची पांढरी रॉयाल

बुगाटी रॉयालची मोठी गोष्ट जुन्या गाड्यांच्या शौकिनांना पाठ असते: रेडिएटरवरचा रेम्ब्रांट बुगाटींचा हत्ती, पावणेतेरा लिटरचं इंजिन, जागतिक मंदी, बनलेल्या सहा गाड्या आणि त्यांतल्या गिऱ्हाइकांनी घेतलेल्या जेमतेम तीन. शिल्लक इंजिनं एत्तोरे बुगाटींनी रेल्वेच्या मोटारडब्यांना जोडली. तिघा गिऱ्हाइकांपैकी डॉक्टर योझेफ फुक्स यांच्याविषयी फारसं बोललं जात नाही. पण जुनी गाडी दुरुस्त करताना कुठवर मागे जायचं, हा प्रश्न त्यांच्याच गाडीने सर्वांत नेमका विचारला आहे.

फुक्स यांनी १९३२ मध्ये गाडी घेतली आणि म्युनिकच्या लुडविग वायनबर्गरकडून तिच्यावर कापडी टपाची, काळ्या-पिवळ्या रंगाची बॉडी बांधून घेतली. पुढे ते जर्मनीतून बाहेर पडले. स्वित्झर्लंड, शांघाय आणि मग न्यूयॉर्क, असा प्रवास गाडीनेही केला. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात इंजिनातलं पाणी गोठलं आणि ब्लॉक तडकला. रॉयालचं हेड आणि ब्लॉक हे एकच ओतीव काम असल्याने नुसतं हेड बदलून भागण्यासारखं नव्हतं. गाडी भंगारात गेली, तीही धातूची चणचण असलेल्या युद्धाच्या काळात. १९४३ च्या सुमारास बुइक कंपनीचे मुख्य अभियंते चार्ल्स चेन यांनी ती सुमारे ४०० डॉलरला उचलली, आणि युद्ध संपल्यावर काम हाती घेतलं. त्यांनी ब्लॉक दुरुस्त केला, एका कार्ब्युरेटरच्या जागी चार बसवले, आणि काळ्या-पिवळ्याऐवजी दुधाळ पांढरा रंग देऊन हिरव्या रेघा ओढल्या. मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ती आज याच रूपात उभी आहे.

ती पुन्हा काळी-पिवळी करावी, एकच कार्ब्युरेटर बसवावा, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे: चेन यांचे बदल बुगाटींच्या किंवा वायनबर्गरच्या मनातले नव्हते. पण हा तर्क कारखान्यातून अखेरच्या स्क्रूसकट तयार होऊन येणाऱ्या गाडीला शोभतो. चासी एकाने करायची आणि बॉडी दुसऱ्याने, ही रीत असलेल्या गाडीला ‘पहिलं रूप’ म्हणून एकच तारीख लावता येत नाही. खुद्द एत्तोरेंच्या पहिल्या रॉयालवर आधी पॅकार्डची बॉडी होती. मग एकामागून एक बॉड्या बदलल्या, अपघात झाला, आणि त्यानंतर ती ‘कूपे नेपोलियन’ झाली. तिला पॅकार्डच्या बॉडीकडे परत न्या, असं कुणी म्हणत नाही. आर्मां एस्देर यांच्या गाडीचंही तेच. त्यांना रात्री गाडी चालवायची नव्हती, म्हणून एत्तोरेंचे पुत्र झां बुगाटींनी तिला पुढचे दिवेच दिले नाहीत. काही वर्षांत नव्या मालकाने ती देखणी उघडी बॉडी उतरवून आंरी बिंदरची बंद बॉडी चढवली. आता जुनं रूप आणायचं तर बिंदरचं अस्सल काम फेकून नवी नक्कल बसवावी लागेल.

यावर खरा आक्षेप असा की, मग प्रत्येक गबाळी दुरुस्तीही इतिहास म्हणून जपायची का? नाही. निकष ठरवता येतो: बदलामुळे गाडी वाचली का, आणि तो कुणी, कधी, का केला हे सांगता येतं का? चेन यांचं काम दोन्हीला उतरतं. चार कार्ब्युरेटर ही बुइकच्या अभियंत्याची सवय आहे, आणि युरोपातल्या श्रीमंतीसाठी घडलेली गाडी डेट्रॉइटच्या कारागिरीने कशी जगवली, याचा तो धातूतला पुरावा आहे. रंगाचा मुद्दा मला अधिक अवघड वाटतो, कारण वायनबर्गरच्या वळणदार मडगार्डांची रेषा काळ्या रंगात वेगळी दिसत असणार, यात शंका नाही. तरीही तो नवा काळा थर एकविसाव्या शतकातलाच असेल; त्याखाली जाईल तो मात्र गाडी वाचवणाऱ्या माणसाने निवडलेला रंग. हरवलेलं रूप डोळ्यांनी पाहायची ओढ खरीच आहे, आणि तिला फ्रान्समध्ये मुलूझच्या मोटार संग्रहालयात उत्तर मिळालं आहे. तिथे मूळ सुटे भाग वापरून एस्देरांच्या बिनदिव्यांच्या रोडस्टरची प्रतिकृती स्वतंत्र बांधली आहे, तीही प्रतिकृती म्हणूनच मांडलेली, आणि तिच्यासाठी बिंदरच्या बॉडीला कुणी हात लावलेला नाही.