सेउणदेशच्या यादवांचें मूळ : एक पुरुष, दोन बाप

जुन्या घराण्यांच्या कैफियती व वंशावळी जमविणाऱ्यास एक अडचण हटकून येते. एकाच मूळपुरुषाविषयीं दोन बाडें दोन गोष्टी सांगतात. आणि संग्राहक त्यांतील अधिक भारदस्त दिसणारी खरी धरून दुसरी टाकून देतो. आमचे मतें दंतकथा अशी टाकूं नये. तिला निराळा प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, आमच्या नाशिक प्रांतांतच उदय पावलेलें आणि पुढें देवगिरीस नांदलेलें सेउणदेशच्या यादवांचें घराणें घेऊं.

या वंशाचा मूळपुरुष दृढप्रहार. त्याचा काळ नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास धरतात. सेउणचंद्र दुसरा याच्या शके ९९१ (इ. स. १०६९) च्या वसई ताम्रपटावरून त्याचें ठाणें चंद्रादित्यपूर होतें असें दिसतें. हें हल्लींचें चांदवड असावें, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. ताम्रपट मूळपुरुषाहून दोनशें वर्षांनीं अलीकडचा, तरी हातीं असलेल्या साधनांत वडील हाच.

दुसरें साधन महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्रि याच्या व्रतखंडांतील राजप्रशस्ति. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं ती आपल्या १८८४ च्या दक्षिणच्या इतिहासास जोडून छापली. तीप्रमाणें यादव प्रथम मथुरेचे, मग द्वारकेचे. सुबाहूनें आपलें राज्य चार पुत्रांत वांटलें, व दुसरा पुत्र दृढप्रहार दक्षिणेचा स्वामी झाला. राजधानीचें नांव मात्र येथें श्रीनगर.

तिसरी कथा जिनप्रभसूरीच्या विविधतीर्थकल्पांतील नाशिकच्या कल्पांत आहे. हा ग्रंथ चवदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुरा झाला. त्यांत द्वारका जळाली तेव्हां वज्रकुमार नामक यादवाची गर्भवती स्त्री निघून नाशिकास चंद्रप्रभ तीर्थंकराच्या आश्रयास आली. तिचा पुत्र दृढप्रहार. चोरांनीं गांवचीं गुरें वळवून नेलीं, तीं त्यानें एकट्यानें सोडविलीं. म्हणून लोकांनीं त्यास नगररक्षक नेमिलें.

आतां बाप कोणता खरा, सुबाहु कीं वज्रकुमार? आमचे मतें हा प्रश्नच चुकीचा. योग्य प्रश्न असा कीं, ही कथा कोठें, केव्हां व कोणाच्या सोयीसाठीं सांगितली गेली?

हेमाद्रीची कथा राजदरबारची आहे. सार्वभौम राजास पुराणाशीं सांधणें हें तिचें काम. द्वारकेचा मान एकट्या सेउणांचाहि नव्हे. द्वारसमुद्राचे होयसळ हे यादवांचे पुढील काळचे हाडवैरी. तेहि स्वतःस यदुवंशी व द्वारावतीपुरवराधीश्वर म्हणवीत. इतकेंच नव्हे, तर ज्या कुळांत धाडियप्प, राजुगि, वद्दिग अशीं नांवें आढळतात, त्याचा संबंध कन्नड मुलखाशीं जोडणारे विद्वानहि आहेत. तेव्हां द्वारकेवरून रक्ताचा निर्णय होत नाहीं; त्या काळीं राजकुळास कोणती प्रतिष्ठा हवी होती एवढेंच कळतें.

जिनप्रभाची कथा तीर्थाची आहे. तिचा धागा आमच्याच अंजनेरीस सांपडतो. तेथील शके १०६३ च्या शिलालेखांत सेउणदेव नामक यादव राजानें चंद्रप्रभाच्या मंदिरास दुकानें दिल्याची नोंद आहे. ज्या दैवतास राजाचें दान, त्याच दैवताच्या आश्रयास राजाची मूळमाता, असा हा मेळ आहे. दानाची आठवण राहिली व तिच्याभोंवतीं जन्मकथा वाढली, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

मग उरतें काय? बाप भिन्न, राजधानी भिन्न. पण दृढप्रहार हें नांव आणि त्याचें दक्षिणेंतील ठाणें कायम. म्हणजे घराण्याची खरी आठवण त्याच्यापाशीं सुरू होते; त्यामागचें सर्व मागाहून जोडलेलें. शिवाय चांदवड सातमाळ्याच्या घाटावर, खानदेश व गोदातीर यांच्या सीमेवर आहे. अशा वाटेवर जो लोकांचीं गुरें राखील तोच पुढें गांवें राखील. ‘दृढ प्रहार करणारा’ या नांवाशीं दरबारी कथेपेक्षां गुरें सोडविणाऱ्या रक्षकाची कथाच अधिक जुळते. भारदस्त कथा टाकाऊ व गांवठी कथा अर्थपूर्ण, असा प्रकार येथें झाला आहे.

या विवेचनाचा उपयोग केवळ राजवंशापुरता नाहीं. सिंदखेडच्या जाधवांची परंपरा स्वतःस देवगिरीच्या यादवांचे वंशज मानते. पण देवगिरीचें राज्य १३१८ त बुडालें आणि लखुजी जाधवराव १६२९ त मारले गेले. मध्यें तीनशें वर्षें आहेत. तीं केवळ आडनांवाच्या साम्यानें भरून काढतां येत नाहींत. प्रत्येक पिढीस स्वतंत्र कागद पाहिजे. जें थोर घराण्यास लागू तें आपल्या घरच्या कुलवृत्तांतासहि लागू.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. वंशावळ मिळाली कीं ती कोणी, केव्हां, कोणासाठीं लिहिली, हें प्रथम टिपावें. शोध मूळपुरुषापासून खालीं न आणतां आपल्या आजोबा-पणजोबांपासून वर न्यावा. त्यास नाशिक व त्र्यंबक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसारखें साधन नाहीं. कारण यात्रेकरूचें नांव, गांव व पिढ्या तेथें तो आला तेव्हांच लिहिल्या जात. आणि दोन कथा विरुद्ध निघाल्या तर दोन्ही अक्षरशः उतरून ठेवाव्यात, एकीचें दुरुस्तीपत्रक दुसरीवरून करूं नये. सुबाहु व वज्रकुमार यांची कोणी एकवाक्यता करून ठेविली असती, तर आज दृढप्रहारापर्यंत पोंचण्याची वाटच बुजली असती.