हिंजवडीपर्यंतची वाट

आमच्या वसतिगृहातून गेलेली काही मुले आता हिंजवडीचा पत्ता देतात. तो उद्योग तेथे अचानक उगवला नाही. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुण्यात अभियंत्यांची फळी तयार झाली. (तेथील शुल्क कोणाला परवडत होते, हे वेगळे सांगावयास नको.) अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्याच सुमारास केंद्राच्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांनी उपग्रहाद्वारे संदेशवहन व करसवलत उपलब्ध केली. हा माल जहाजात चढवावा लागत नाही. अमेरिकेत रात्र असताना येथे झालेले काम तेथे सकाळी पोचते. पुढे एमआयडीसीने हिंजवडीची जमीन विकसित केली.

मात्र या खासगी कंपन्यांत नोकरीचे आरक्षण लागू नाही. राखीव जागा व शिष्यवृत्ती आमच्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत नेतात. मुलाखतीच्या दारात त्याच्याजवळ त्याचे गणित आणि इंग्रजी एवढेच असते. आमची मुले गणितात अडत नाहीत, इंग्रजी बोलताना अडतात. म्हणून सायंकाळच्या अभ्यासिकेत आम्ही इंग्रजी संभाषणाचा तास ठेवला आहे. पुण्यातील माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी आल्यावर तो घ्यावा.