उघड्या मोटारीची खर्जपेटी

पौड सोडून मुळशीच्या जलाशयाकांठानें ताम्हिणी घाटाकडे उघड्या मोटारींतून जातांना गाण्यांतील तबला ऐकूं येतो, पण डग्ग्याचा घुमारा हरपतो. त्याचें कारण व उपाय आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सेकंदास ५० कंपनांच्या खर्जाची लहर सुमारें ७ मीटर लांब असते. बंद मोटारींत तिचा दाब कोंडून राहतो. छप्पर काढतांच तो निसटतो. शिवाय सबवूफरचा पडदा पुढें हवा दाबतो तेव्हां मागें ती विरळ होते, आणि ह्या दोन लहरी भेटल्या म्हणजे परस्परांस मारतात. म्हणून मागची लहर पेटींत कोंडावी लागते.

प्रथम टप पूर्ण दुमडून उरलेली जागा मोजावी. प्लायवूड १८ मिलिमीटर जाडीचें व पाण्यास टिकणारें घ्यावें; पातळ फळी स्वतःच थरथरते, आणि मुळशीचा पाऊस तर प्रसिद्धच आहे. सांधे सरस व स्क्रू यांनीं हवाबंद करावे. पेटी फार लहान झाल्यास आंतील हवा ताठ स्प्रिंगेप्रमाणें पडद्यास अडविते. शेवटीं पडदा हलकेच दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर पेटी साधली.

अशी पेटी असतां आवाज फार चढवावा लागत नाहीं. उघड्या मोटारीचें गाणें वाटेवरच्या घरांतही शिरतें. इ. स. २००० च्या नियमांनीं रात्रीं वस्तींत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ज्यास पेटी बांधतां आली, त्यानें गांवाची झोपही राखावी.