गाढव, धूर आणि तरुण मेंदू

(मुकुटबन येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग घेतला आहे.)

मागे ऐकू येतंय ना? ठीक. आधी एक खुलासा करतो. पत्रिकेवर माझ्या नावापुढे डॉक्टर लिहिलंय, पण मी गोळ्या लिहून देणारा डॉक्टर नव्हे. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तेव्हा इथे बोलेन त्यावरून कुणी औषध सुरू करू नये आणि बंद तर मुळीच करू नये.

मग या विषयावर मी का बोलतोय? एक जुनं ऋण आहे म्हणून.

तीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. कापूसवाल्यांच्या घरचा, शांत, मागच्या बाकावर बसणारा. दुसऱ्या वर्षाला अचानक फुलला. तीन-तीन रात्री झोपायचा नाही आणि थकायचाही नाही. शंकराचार्य आणि स्पिनोझा यांच्यावर एका रात्रीत साठ पानं लिहून आणली. उधारीवर पुस्तकं घेतली आणि पोरांमध्ये वाटून टाकली. मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावून सगळ्यांसमोर पाठ थोपटली. असा विद्यार्थी पाहिला नाही म्हणालो. दोन महिन्यांनी तो अंथरुणातून उठेना. गावात म्हणाले लागिर झालंय. एका ठिकाणी नेऊन बांधूनही ठेवलं त्याला. निदान व्हायला पुढे आठ वर्षं गेली. आज तो शेती करतो, गोळ्या घेतो, आणि हे सांगायला त्याची परवानगी आहे. पण ती साठ पानं मी पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की पहिल्या दहा पानांनंतर एक वाक्य दुसऱ्याला धरून नाही. मी ते तेव्हा वाचलंच नव्हतं. आकाराला भुललो होतो.

या आजाराला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. आता सगळे बायपोलरच म्हणतात. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य, आणि मध्ये बरेचदा अगदी नेहमीसारखे महिने. पोरगं सकाळी हसलं आणि संध्याकाळी चिडलं म्हणजे बायपोलर नव्हे. ते वय आहे. उन्मादाची अवस्था निदान आठवडाभर टिकते, नैराश्याची दोन आठवडे. झोपेची गरजच कमी होणं ही त्यातली मोठी खूण. हा फरक सुटला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तिथे लहान मुलांच्या आणि किशोरांच्या दवाखान्याच्या भेटींत बायपोलरचं निदान सुमारे ४० पट वाढलं. आजार ४० पट वाढला नव्हता, शिक्का सैल झाला होता. आपल्याकडे उलट दुखणं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. पण आपली गोष्ट फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

आता मेंदूकडे येऊ. हा आजार बहुतेकदा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत डोकं वर काढतो. त्याच वयात का? कारण मेंदूची शेतीच त्या वयात चालू असते.

सहा वर्षांच्या पोराचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. म्हणून पूर्वी वाटायचं, झालं काम. तसं नाही. तुम्ही कपाशी टोबता, एका जागी दोन बिया टाकता आणि उगवल्यावर विरळणी करता. मेंदूही आधी चेतापेशींची जोडणी भरमसाट करतो आणि मग न वापरलेली जोडणी काढून टाकतो. ही विरळणी कुठून कुठे जाते, ते अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. फक्त १३ मुलं, पण दर दोन वर्षांनी त्यांचा एमआरआय. वय ४ पासून २१ पर्यंतची चित्रं हाती आली. हालचाल आणि संवेदना सांभाळणारे भाग आधी पिकतात. कपाळामागचा भाग, म्हणजे थांब, विचार कर, उद्याचं बघ असं सांगणारा, सगळ्यात शेवटी. तो विशीच्या मध्यापर्यंत चालूच असतो. सोबत आतल्या तारांवर वेष्टण चढतं, त्याला मायलिन म्हणतात. त्यानं निरोप वेगानं जातो. भीती, राग, आनंद यांचा आतला भाग मात्र आधीच जोरात असतो. म्हणजे इंजिन आलंय, ब्रेकचं काम चालू आहे. ही अवस्था प्रत्येक तरुणाची, आजार असो नसो.

बायपोलर असलेल्या मुलांत या कामाला थोडं वेगळं वळण लागतं असं दिसतं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३७ आजारी आणि ३५ निरोगी किशोरांचे एमआरआय दोन वर्षांच्या अंतरानं काढले. करड्या भागाची घट दोन्हीकडे होतीच, ती वयानुसार होते. आजारी मुलांत ती कपाळामागच्या भागात जास्त होती. मोठ्या माणसांतही २०१८ मध्ये अनेक देशांचे एमआरआय एकत्र केले, १८३७ रुग्ण आणि २५८२ निरोगी, आणि कपाळाच्या भागाची साल सरासरीनं पातळ आढळली.

इथे माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. न्यायदर्शनात एक गाढव आहे. घडा तयार होण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, माती असते आणि ती माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव घड्याचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. ते आधी होतं एवढंच. माती डोक्यावर आणली असती तरी घडा झाला असता. अशाला ते अन्यथासिद्ध म्हणतात. तर ही पातळ झालेली साल कुंभार आहे की गाढव? तिच्यामुळे आजार झाला, की आजारामुळे, जागरणांमुळे, औषधांमुळे, गांजा-दारूमुळे ती पातळ झाली? एका फोटोवरून हे कळत नाही. म्हणून २००७ चा एक छोटा अभ्यास मला मोलाचा वाटतो. त्यात नऊच मुलं होती, पण त्यांचे एमआरआय आजार उघड होण्याआधीपासून काढलेले होते. त्यांच्यात नुसती घट नव्हती, काही भागांत वाढही होती. म्हणजे मेंदू झिजतोय असं सरळ चित्र नाही; वाढीची वाट जरा वेगळी आहे.

दुसरी चूक धुराची. धूर आहे तिथे अग्नी आहे, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. लाकूड ओलं लागतं. हजारोंची सरासरी घेतली की फरक दिसतो, पण एकट्या पोराचा एमआरआय पाहून त्याला बायपोलर आहे की नाही हे सांगता येत नाही. आजारी आणि निरोगी यांची मापं एकमेकांत मिसळलेली असतात. डॉक्टर स्कॅन सांगतात तो गाठ, फीट असं दुसरं काही नाही ना हे पाहायला. नुसतं बायपोलर दिसावं म्हणून कुणी स्कॅनचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि आशेची बाजू. २०१८ च्या त्याच अभ्यासात लिथियम घेणाऱ्यांची साल कमी पातळ झालेली होती. लिथियम हा साधा क्षार. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना तो दिला, तिथून ही वाट सुरू झाली. तो मेंदू वाचवतो असं मी छातीठोक म्हणणार नाही, पुन्हा गाढव आडवं येईल.

पण लिथियमबद्दल एक गोष्ट पुस्तकातून नाही, आपल्या उन्हातून सांगतो. मे महिन्यात झरी-जामणीत काय ऊन असतं ते तुम्हाला सांगायला नको. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलटी-जुलाब, बोलणं जड होणं, झोकांड्या जाणं, असं दिसलं की ताबडतोब दवाखाना. उपासात मीठ तोडू नका. अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नका, तिनंही पातळी वाढते. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉईड. तरुण मुलीला व्हॅल्प्रोएट नावाचं औषध लिहिलं असेल तर डॉक्टरांशी मोकळं बोला. गर्भावर त्याचा वाईट परिणाम होतो.

प्रश्नांकडे येऊ.

एका आशाताईंनी विचारलं: आम्ही प्रेरणा प्रकल्पात घरोघरी विचारतो, त्यात हे सापडतं का?

ताई, तुमचं काम फार मोठं आहे. पण त्या प्रश्नांचा भर नैराश्यावर. बायपोलरची सुरुवात तरुणात बरेचदा नैराश्यानंच होते, आणि अशा रुग्णाला एकटी नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. म्हणून नोंद करताना एक प्रश्न जादा विचारा: याच्या उलट दिवस कधी आले होते का? झोप नसताना भारी उत्साह, उधळपट्टी, अखंड बोलणं? हो म्हणाले तर ते डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्या. माझ्या विद्यार्थ्याच्या वेळी हा प्रश्न कुणीच विचारला नाही, मीही नाही.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं: सर, माह्या पोराले दोनदा झालं. त्याचा मेंदू आता कामातून गेला का?

नाही, ताई. कितवं वर्ष त्याचं? एकोणीस? मग त्याचं कपाळामागचं काम अजून चालूच आहे. जे फरक मी सांगितले ते मोजायला मोठी यंत्रं लागतात, इतके बारीक आहेत. पण प्रत्येक नवा झटका त्याला शाळेतून, झोपेतून, मित्रांतून बाहेर काढतो, ते नुकसान डोळ्यांना दिसतं. म्हणून तिसरा टाळायचा. बरं वाटलं म्हणून गोळी सोडू देऊ नका. रात्रपाळीचं काम देऊ नका, झोपेची वेळ ठरलेली ठेवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. रात्री-बेरात्री घाबरलात तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लिहून घ्या, मी पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.