हायड्रोजन पंपाची चाचणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्युएल सेलवर चालणाऱ्या मोटारीच्या टाकीत हायड्रोजन 700 बार दाबाने भरलेला असतो. सीएनजीच्या टाकीत हाच दाब साधारण 200 बार असतो. टाकी तीन ते पाच मिनिटांत भरावी, तापू नये, फुटू नये आणि अर्धवटही राहू नये, एवढ्या अपेक्षा पंपाकडून असतात. त्या पुऱ्या होतात की नाही हे चाचणीत तपासले जाते. या चाचणीविषयी काही समजुती रूढ आहेत.

गैरसमज : गळती नाही याची खात्री झाली की चाचणी संपली.

वस्तुस्थिती : गळतीची तपासणी अत्यावश्यक असते. हायड्रोजनला वास नसतो. एलपीजीप्रमाणे त्यात वासाचे द्रव्य मिसळता येत नाही, कारण त्यातील गंधक फ्युएल सेल निकामी करते. त्याची ज्योतही दिवसा जवळजवळ दिसत नाही. म्हणून पंपावर वायू आणि ज्योत ओळखणारी उपकरणे बसवतात आणि तीही तपासतात. पण एकही सांधा गळत नसलेला पंप टाकी चुकीच्या वेगाने भरत असेल, तर तो असुरक्षितच असतो. टाकीचे आतले अस्तर प्लास्टिकचे आणि बाहेरचे वेष्टन कार्बन तंतू व रेझिनचे असते. त्यामुळे आतल्या वायूचे तापमान 85 अंश सेल्सिअसच्या पुढे जाता कामा नये.

गैरसमज : सुटलेला वायू थंड होतो, मग टाकी तापेल कशी?

वस्तुस्थिती : एलपीजी आणि सीएनजीचा अनुभव इथे लागू पडत नाही. अरुंद वाटेतून जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला उलट किंचित तापतो. याहून मोठे कारण म्हणजे टाकीत आधी शिरलेला वायू मागून येणाऱ्या वायूखाली दाबला जातो आणि गरम होतो. यावर उपाय म्हणून पंप हायड्रोजन आधीच थंड करून देतो. जलद भरण्याच्या प्रचलित पद्धतीत, भरणे सुरू झाल्यावर 30 सेकंदांच्या आत वायूचे तापमान उणे 33 ते उणे 40 अंशांच्या पट्ट्यात यावे लागते. चाचणीत ते नोझलपाशी मोजतात.

गैरसमज : एखादी मोटार भरून पाहिली की पंपाची परीक्षा झाली.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियात सुरुवातीला असेच चाले. प्रत्येक मोटार कंपनी आपली गाडी आणून नव्या पंपाची स्वतंत्र तपासणी करी आणि पंप खुला व्हायला महिने लागत. यावर अमेरिकेतील सँडिया आणि एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी ‘हायस्टेप’ नावाचे फिरते चाचणी उपकरण विकसित केले. ट्रेलरवर बसवलेल्या या उपकरणात प्रत्येकी 76 लिटरच्या तीन टाक्या आणि दाब व तापमान मोजणारे संवेदक आहेत. खऱ्या गाडीप्रमाणे ते इन्फ्रारेड संदेशांतून टाकीची स्थिती पंपाला कळवते. खऱ्या गाडीकडून करून घेता येत नाही असे एक काम ते करते : मुद्दाम खोटा संदेश पाठवते. टाकी 85 अंशांपुढे तापली असे कळताच पंप थांबला पाहिजे. ‘थांब’ हा आदेश मिळताच भरणे बंद झाले पाहिजे. संदेश मध्येच तुटला, तर पंपाने एकतर थांबावे किंवा संदेशाविना भरण्याच्या सावध पद्धतीकडे वळावे. बिघाडाच्या वेळी पंप कसा वागतो, हे अशा प्रकारेच कळते.

गैरसमज : जितक्या लवकर आणि जितका जास्त भरेल तितका पंप चांगला.

वस्तुस्थिती : टाकी पूर्ण भरली हे दाबावरून नव्हे, वायूच्या घनतेवरून ठरते. 700 बारच्या टाकीसाठी ही घनता लिटरमागे 40.2 ग्रॅम असते. थंड टाकी कमी दाबालाच भरते. गरम टाकीत तेवढाच वायू मावण्यासाठी जास्त दाब लागतो, पण तोही 875 बारच्या पुढे चालत नाही. बाहेरचे तापमान आणि टाकीतला सुरुवातीचा दाब पाहून दाब किती वेगाने चढवायचा हे एसएई जे2601 या मानकातून ठरते. प्रवाहही सेकंदाला 60 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नसतो. आखून दिलेल्या पट्ट्याच्या वर जाणे धोक्याचे असते, तर खाली राहिल्यास ग्राहकाची टाकी अपुरी भरते. त्यामुळे दोन्हीकडची चूक नोंदवली जाते.

गैरसमज : 99.97 टक्के शुद्ध हायड्रोजन असला की दर्जाचा प्रश्न उरत नाही.

वस्तुस्थिती : उरलेल्या अंशात काय आहे, हे महत्त्वाचे ठरते. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत 0.2 भाग, तर गंधकाची 0.004 भाग इतकी कडक आहे, कारण ही द्रव्ये फ्युएल सेलमधील प्लॅटिनमला निष्प्रभ करतात. नमुना नोझलमधूनच घेतात, म्हणजे नळ्या आणि कॉम्प्रेसरमधून मिसळलेली अशुद्धीही सापडते. किती किलो वायू दिला याचे मापही वेगळे तपासावे लागते. एवढ्या दाबाखाली आणि थंडीत अचूक मोजणे अवघड असल्याने कॅलिफोर्नियाने सुरुवातीला 10 टक्क्यांपर्यंत चूक चालवून घेणारा वर्गही ठेवला होता.

गैरसमज : चाचणीत उत्तीर्ण झालेला पंप कायमचा सुरक्षित.

वस्तुस्थिती : 10 जून 2019 रोजी नॉर्वेत ऑस्लोजवळच्या सँडविका येथील हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. कारण नोझलमध्ये नव्हते. उच्च दाबाच्या साठवण टाकीच्या एका बुचाच्या जोडणीत चूक झाली होती. बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. त्यातून गळलेला वायू पेटला. भरण्याची चाचणी कितीही काटेकोर असली तरी असा दोष तिच्यात दिसत नाही. तो जोडणीच्या वेळच्या तपासणीत पकडावा लागतो. भारतातही उच्च दाबाच्या वायुपात्रांना मान्यता देण्याचे काम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या संस्थेकडे आहे, आणि ते भरण्याच्या चाचणीहून वेगळे आहे. शिवाय संवेदक कालांतराने चुकीचे आकडे दाखवू लागतात, शीतकरण मंदावते, सील झिजतात. म्हणून मोठ्या दुरुस्तीनंतर, नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलल्यावर आणि ठरावीक मुदतीने पंपाची पुन्हा तपासणी करणे आवश्यक ठरते.